तात्पुरतं प्रदर्शन कसं मांडावं: स्थानिक इतिहासाच्या छोट्या संग्रहालयासाठी टप्प्याटप्प्याने

छोट्या संग्रहालयातलं तात्पुरतं प्रदर्शन फसतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. वस्तू आधी येऊन पडतात, त्यांना जागा नंतर शोधली जाते. भिंतींना रंग उघडण्याच्या आठवड्यात लागतो आणि वस्तूंशेजारी लावायच्या चिठ्ठ्यांचा मजकूर आदल्या रात्री लिहिला जातो. कष्ट सगळेच घेतात, पण ओल्या रंगाशेजारी जुनं छायाचित्र टांगायची वेळ येते ती या घाईतच.

पुढचे टप्पे ६० ते ८० चौरस मीटरचं एक दालन, ४० ते ६० वस्तू आणि तीन महिन्यांचा काळ धरून लिहिले आहेत. प्रदर्शन याहून लहान असेल तर मुदती थोड्या आखडतील, क्रम मात्र तोच ठेवा.

## १. कॅलेंडर शेवटाकडून भरा

पहिली तारीख ठरवायची ती प्रदर्शन उतरवून वस्तू परत पोचवण्याची. उद्घाटनाची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते, परतीची कोणी ठरवलेलीच नसते. मग उसन्या आणलेल्या वस्तू वर्षभर कपाटात पडून राहतात आणि पुढच्या वेळी तोच मालक दार उघडत नाही.

परतीची तारीख लिहिल्यावर उद्घाटनापासून मागे मोजत या:

- ३२ आठवडे आधी: विषय एका वाक्यात, जबाबदार माणूस एक.
- २८ आठवडे आधी: वस्तूंची लांब यादी, मालकांशी पहिली बोलणी.
- २० आठवडे आधी: पक्की यादी, करारांवर सह्या.
- १६ आठवडे आधी: दालनाचा मापासह आराखडा.
- १२ आठवडे आधी: फलक आणि चिठ्ठ्यांचा पहिला खर्डा.
- ८ आठवडे आधी: मजकूर गोठवायचा. यानंतर फक्त चुका दुरुस्त होतील, नवी माहिती आत येणार नाही.
- ६ आठवडे आधी: सुतारकाम आणि रंगकाम पूर्ण.
- २ आठवडे आधी: धूळ साफ, दिवे बसवलेले, काचपेट्या रिकाम्याच बंद करून तपासलेल्या.
- शेवटचा आठवडा: वस्तू आत.
- २ दिवस आधी: सगळं संपलेलं.

शेवटचे दोन दिवस रिकामे दिसतात म्हणून कोणीतरी ते कापतो. कापू देऊ नका. काचपेटीची किल्ली अडकणं, चिठ्ठ्यांचे क्रमांक उलटे लागणं, एखादा दिवा नेमका काचेत चमकणं हे सगळं त्याच दोन दिवसांत निस्तरायचं असतं.

तपासा: रंगकाम संपल्यापासून वस्तू आत येईपर्यंत किमान चार आठवडे उरतात का? उरत नसतील तर उद्घाटन पुढे ढकला किंवा भिंती आहेत तशाच राहू द्या.

## २. विषय एका वाक्यात, वस्तू एका तक्त्यात

‘आपल्या गावाचा इतिहास’ एवढा मोठा विषय एका दालनात मावत नाही. ‘नदीवरचा पूल होण्यापूर्वी माणसं आणि माल पलीकडे कसा जायचा’ हा मावतो. एक वस्तू उचला आणि विचारा: ही काढली तर वाक्य लंगडं पडतं का? पडत नसेल तर ती यादीतून जाते, मग ती कितीही सुंदर असो. लांब यादी पक्क्या यादीच्या तिप्पट असली तरी चालेल. पक्की यादी झाल्यावर मात्र एक वस्तू वाढवायची असेल तर एक काढायची.

तक्त्यात प्रत्येक वस्तूसाठी एवढे रकाने हवेतच: प्रदर्शन क्रमांक, नाव, मालक, मापं, वजन, दालनातली जागा, आधाराचा प्रकार, प्रकाशाची मर्यादा, स्थिती-नोंद (वस्तूवरचे दोष टिपणारी नोंद) झाली की नाही.

मापांचा रकाना वाटतो तेवढा सोपा नाही. उंची, रुंदी, खोली हा क्रम सगळ्या वस्तूंना एकच ठेवा. चौकटीतल्या चित्राचं माप चौकटीसकट घ्या. पुस्तक उघडं ठेवायचं असेल तर उघड्या अवस्थेत मोजा, कारण बंद असताना ३० सेंटीमीटर रुंद असलेली वही उघडली की साठाला जाते आणि पाळण्यासकट (वही ठेवायच्या पुठ्ठ्याच्या आधारासकट) आणखी वाढते. मालकाने फोनवर सांगितलेलं माप हा अंदाज समजा आणि स्वतः मोजल्याशिवाय काचपेटी ठरवू नका.

## ३. उसन्या वस्तूंची कागदपत्रं

ओळखीतल्या घरातून वस्तू आणताना कागद मागायचा संकोच वाटतो. पण कागद नसल्याने बिघडलेली ओळख पुन्हा जुळत नाही. करारात हे मुद्दे हवेत: वस्तूचं वर्णन आणि छायाचित्र, येण्याची व परतीची तारीख, मालकाने लेखी दिलेलं मूल्य, विमा कोण काढणार, ने-आण कोण करणार, छायाचित्र काढायची आणि छापायची परवानगी, चिठ्ठीवर मालकाचं नाव नेमकं कसं लिहायचं (किंवा लिहायचंच नाही), आणि वस्तू परत घ्यायला कोण येऊ शकतं.

हा शेवटचा मुद्दा नेहमी राहून जातो. घरातल्या जुन्या वस्तूला मालक बहुधा एकापेक्षा जास्त असतात. देताना एक भाऊ येतो, परत न्यायला दुसरा. सही करणाऱ्याला इतर वाटेकऱ्यांची संमती आहे, हे करारात एका ओळीत लिहून घ्या.

विमा खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचा घ्या, म्हणजे मालकाच्या भिंतीवरून वस्तू उतरते त्या क्षणापासून ती पुन्हा त्याच भिंतीवर चढेपर्यंतचा. फक्त दालनातल्या काळाचा विमा फारसा कामाचा नाही, कारण वस्तू फुटतात त्या उचलताना आणि प्रवासात.

छायाचित्राचा कागद ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे त्या प्रतिमेचे हक्क असतीलच असं नाही. मोठी प्रत छापण्याआधी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा.

वस्तू ताब्यात घेताच पोच द्या आणि तिला तात्पुरता क्रमांक द्या. ही क्रमांकमालिका संग्रहालयाच्या कायमच्या दाखल नोंदवहीपेक्षा वेगळी असायला हवी, नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी उसनी वस्तू संग्रहालयाचीच समजून बसेल. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने सैल बांधायची. वस्तूवर चिकटवायचं काहीच नाही.

सावध: ‘कायमस्वरूपी उसनी’ असा प्रकार मान्य करू नका. एकतर देणगी, नाहीतर तारखेसह उसनवारी.

## ४. कीड आणि स्थिती-नोंद

बाहेरून आलेली लाकूड, कापड, कागद, चामडं, पिसं किंवा लोकर यांपैकी काहीही थेट साठवणीच्या खोलीत नेऊ नका. वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर, पारदर्शक पिशवीत बंद करून किमान दोन आठवडे ठेवा. कागदावर पिठासारखा भुसा, अळीची कात किंवा मुंगीएवढे काळे कण पडले तर कीड जिवंत आहे असं धरा.

कापड, लोकर, साधं लाकूड यांसाठी गोठवणं हा उपाय आहे. वस्तू टिश्यू कागदात गुंडाळा, पॉलिथिन पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करा. उणे ३० अंश सेल्सियसला तीन दिवस पुरतात, उणे १८ ते २० ला दोन आठवडे लागतात. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव वस्तूवर धरतं. रंगवलेलं लाकूड, तैलचित्रं, हस्तिदंत, मेण, काचेच्या निगेटिव्ह आणि अनेक पदार्थ जोडून केलेल्या वस्तू गोठवायच्या नाहीत. त्यांच्यासाठी संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपण्यातल्या तज्ज्ञाला विचारा.

आता स्थिती-नोंद. ‘बरी’, ‘जुनी’, ‘थोडी खराब’ हे शब्द तिथे निरुपयोगी आहेत. एखादी जुनी हिशेबवही घ्या. तिची नोंद साधारण अशी व्हावी:

*बांधणी कापडी, पाठीचा वरचा ३ सें.मी. भाग उसवलेला. पुढच्या पुठ्ठ्याचा उजवा खालचा कोपरा मऊ पडून दुमडलेला, तुकडा गेलेला नाही. पान १ ते १४ वर वरच्या कडेला ओलीचा डाग, कमाल खोली ४ सें.मी. पान २२ ला उजव्या कडेपासून आडवी चीर, २.५ सें.मी., मजकुरापर्यंत पोचलेली नाही. शाईने कागद खाल्लेला: पान ३०, ओळ ७, दोन छिद्रं. सुटी पानं दोन, ४५ आणि ४६, जागेवर.*

सोबत छायाचित्रं: पुढून, मागून, पाठ, वरची-खालची कड आणि प्रत्येक दोष जवळून. प्रत्येक चित्रात मोजपट्टी आणि क्रमांक. दोष शोधताना दिवा एका बाजूला खाली धरा. तिरप्या उजेडात सुरकुत्या, फुगे आणि उचललेला रंग दिसतो, समोरच्या उजेडात तो लपतो. नोंदीवर तारीख आणि दोघांच्या सह्या हव्यात, मालकाची आणि तुमची. ही नोंद वस्तू येताना, मांडताना, उतरवताना आणि परत देताना तपासायची, म्हणून चार रकाने आधीच आखून ठेवा.

जवळ फक्त पेन्सिल. पेन खोलीबाहेर.

सावध: नाणी, तांब्या-पितळेची भांडी, हत्यारं चमकवू नका. मालकाने ‘जरा पुसून घ्या’ म्हटलं तरीही नाही. घासून गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. तसंच साधारण १९५० पूर्वीच्या फिल्म निगेटिव्ह नायट्रेटच्या असू शकतात. त्या भयंकर ज्वलनशील असतात. मूळ फिल्म प्रदर्शनात ठेवू नका, प्रत वापरा.

## ५. आराखडा

दालन १:२० प्रमाणात कागदावर काढा. दारं, खिडक्या, विजेचे बोर्ड, अग्निशामक, बाहेर पडायचा मार्ग आधी काढा आणि तिथे काहीच ठेवायचं नाही. काचपेट्यांचे कागदी तुकडे कापून फिरवून बघा. जमलं की दालनाच्या जमिनीवर रंगाऱ्याच्या चिकटपट्टीने खऱ्या मापात आखा आणि चार जणांना एकाच वेळी आतून चालायला लावा. कागदावर प्रशस्त वाटलेली वाट इथे अरुंद निघते.

मापं पुढीलप्रमाणे. वाटेची रुंदी कमीत कमी ९० सेंटीमीटर, पण समोरासमोर माणसं येणार असतील तिथे १२० तरी. चाकांची खुर्ची वळायला १५० सेंटीमीटरचा मोकळा गोल. टेबलवजा काचपेटीखाली गुडघे जायला ७० सेंटीमीटर उंची. चित्रांचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर.

खिळ्याची उंची काढायचं गणित डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका: मध्याची उंची, अधिक चौकटीची अर्धी उंची, वजा चौकटीच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर. चौकट ६० सेंटीमीटर उंच, तार वरून ८ सेंटीमीटरवर, मध्य १५० वर हवा, तर खिळा १५० + ३० – ८ = १७२ सेंटीमीटरवर. रुंद चौकटींना एकाऐवजी दोन खिळे द्या, म्हणजे त्या वाकड्या होत नाहीत.

## ६. मजकूर

प्रास्ताविक फलक १०० ते १५० शब्द, विभागाचा फलक ७० ते १००, वस्तूची चिठ्ठी ३० ते ५०. याहून लांब लिहिलं तर उभ्याने वाचणारा मध्येच सोडून पुढे जातो. चिठ्ठीचं पहिलं वाक्य त्याच वस्तूकडे बोट दाखवणारं असू द्या: डाव्या कडेला करपल्याची खूण का आहे, आकडे दोन रंगांत का लिहिलेत. काळ, पदार्थ, माप आणि मालकाचं नाव शेवटी, लहान अक्षरात.

काचपेटीतली चिठ्ठी १८ पॉइंटच्या खाली नको, भिंतीवरची २४ च्या खाली नको. देवनागरी अक्षर त्याच पॉइंटच्या रोमन अक्षरापेक्षा लहान दिसतं आणि वर-खाली मात्रा, उकार असतात, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. फॉन्टमध्ये जोडाक्षरं तुटतात का, हे छापखान्यात पाठवण्याआधी खऱ्या आकारात एक पान काढून बघा. पडद्यावर नीट दिसणारा ‘र्‍य’ छपाईत फुटलेला आढळतो, आणि तेव्हा तीस चिठ्ठ्या छापून झालेल्या असतात.

खर्डा विषयातल्या जाणकाराला दाखवालच. पण विषय अजिबात माहीत नसलेल्या एकालाही मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे अडखळतो ते वाक्य बदला.

तपासा: चिठ्ठीवरचा क्रमांक तक्त्यातल्या क्रमांकाशी जुळतो? नावांचं शुद्धलेखन मालकाच्या करारावरून तपासलं?

## ७. काचपेटी कशाची आणि आत काय

सर्वाधिक नुकसान इथे होतं, आणि तेही शांतपणे. बंद काचपेटीत हवा फिरत नाही. लाकूड, डिंक, रंग, लोकर, रबर यांतून निघणारी आम्लाची आणि गंधकाची वाफ आतच साचते. तीन महिन्यांत शिशाच्या वस्तूवर पांढरी भुकटी येते, चांदी काळी पडते, शिंपल्यांवर मिठासारखा थर चढतो.

आत नको असलेले पदार्थ:

- न झाकलेलं ओकचं लाकूड, एमडीएफ, साधा प्लायवुड. यांतून ॲसिटिक आम्ल निघतं. हाच माल वापरायचा असेल तर वस्तूकडची बाजू ॲल्युमिनियमचा थर असलेल्या अडसर-फिल्मने पूर्ण झाका, कडासुद्धा. वॉर्निशचा हात पुरत नाही.
- तेलाचा किंवा अल्किड रंग. आत पाण्यातला ॲक्रिलिक इमल्शन वापरा आणि तोही चार आठवडे दारं उघडी ठेवून वाळवा. हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही.
- लोकरीचं फेल्ट आणि रबर. दोन्हीतून गंधकाची संयुगं निघतात आणि चांदी काळवंडते. खाली अंथरायला धुतलेलं, रंग न दिलेलं सुती कापड घ्या.
- पीव्हीसी आणि पॉलियुरेथेन फोम. पॉलिइथिलिन फोम चालतो.
- व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन. काच बसवणारा कारागीर सवयीने हेच आणतो. त्याला आधीच ‘न्यूट्रल क्युअर’ (वाळताना आम्ल न सोडणारं) असं लिहून द्या.
- दुहेरी चिकटपट्टी, रबरबँड, चिकटमाती वस्तूला लागतील अशा ठिकाणी.

मोठ्या संग्रहालयांत प्रत्येक मालाची ऑडी चाचणी करतात: चांदी, तांबं आणि शिसं यांचे तुकडे मालाच्या नमुन्यासोबत दमट बंद बाटलीत ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवून बघतात. तुमच्याकडे तेवढी सोय नसेल तर कापड, कार्ड आणि फोम अभिलेखांच्या दर्जाचं (जुनी कागदपत्रं जपायला वापरतात तसं) घ्या आणि रिकामी पेटी आठवडाभर बंद ठेवून उघडताच वास घ्या. वास येत असेल तर ती तयार नाही. वास आला नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही, पण पहिली चाळणी होते.

आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत, आणि २४ तासांत १० टक्क्यांहून जास्त हेलकावा नको. गंज चढलेलं लोखंड याला अपवाद, ते ४० च्या खाली ठेवा. सिलिका जेल (हवेतली ओल शोषणारे दाणे) वापरायचं तर ते आधी हव्या त्या आर्द्रतेला आणावं लागतं. डब्यातून काढून तसंच ठेवलं तर ते पेटी कोरडी ठणठणीत करेल आणि लाकूड तडकेल. जुना ठोकताळा एक घनमीटर हवेला २० किलो असा आहे. पेटी घट्ट बंद होत नसेल तर कितीही जेल टाका, काही उपयोग नाही. आधी फटी बुजवा.

काच लॅमिनेटेडच घ्या, फुटली तरी तुकडे वस्तूवर पडत नाहीत.

## ८. प्रकाश मोजा, अंदाज करू नका

लक्स हे उजेड मोजायचं एकक. कागद, कापड, छायाचित्रं, जलरंग यांवर ५० लक्स. तैलचित्रं, लाकूड, हाड यांवर २०० पर्यंत. दगड, धातू, मातीची भांडी यांना प्रकाशाने फारसं काही होत नाही, पण ३०० च्या वर गेलात तर शेजारची ५० लक्सची पेटी अंधारी वाटेल.

लक्स मीटर वस्तूच्या पातळीवर, वस्तूच्याच दिशेने तोंड करून ठेवा. दिव्याकडे वळवून घेतलेला आकडा चुकीचा. वस्तूवरचा सगळ्यात उजळ बिंदू शोधा, मर्यादा त्या बिंदूला लागू होते. अतिनील किरण प्रत्येक ल्युमेनमागे ७५ मायक्रोवॅटच्या आत हवेत. चांगल्या एलईडीत ते जवळपास नसतातच, पण म्हणून रंग उडत नाही असं मुळीच नाही. दिसणारा प्रकाशही रंग उडवतो.

मुख्य हिशेब तीव्रता गुणिले वेळ. रेशीम, वर्तमानपत्राची कात्रणं, फेल्ट पेनची शाई आणि लवकर उडणारे रंग यांना वर्षाला १५,००० लक्स-तास एवढी मर्यादा धरतात, हस्तलिखितं, छापील चित्रं आणि बहुतेक कापडांना १,५०,०००. आता रोज आठ तास, आठवड्यातून सहा दिवस, ५० लक्स धरा: दिवसाला ४००. म्हणजे पहिल्या गटातल्या वस्तूचा वर्षाचा वाटा ३७ दिवसांत संपतो, सहा आठवड्यांत. तीन महिन्यांच्या प्रदर्शनात ती शेवटपर्यंत राहू शकत नाही. दोन-तीन सारख्या वस्तू आलटून-पालटून ठेवा, वहीचं पान बदला किंवा अर्ध्यानंतर प्रत लावा आणि चिठ्ठीवर ‘प्रत’ असं स्पष्ट लिहा.

सकाळी झाडू मारताना तासभर लागलेले दिवेही या हिशेबात येतात. सफाईसाठी वेगळे दिवे ठेवा किंवा पेट्यांवर कापड टाका.

अंधार वाटल्याची तक्रार येणारच. लक्स वाढवू नका. प्रवेशाजवळचा भाग मध्यम उजेडाचा ठेवून आत क्रमाने कमी करत न्या, पेटीच्या मागची भिंत गडद करा, शेजारचा पांढराशुभ्र फलक हलवा. डोळे काही मिनिटांत सरावतात.

सावध: खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड हजारो लक्सचा असतो आणि तासागणिक सरकतो. दिवे बसवायच्या आधी खिडक्या बंद करा.

## ९. वस्तू आत

दालन पुसून झाल्यावर आणि शेवटचं भोक पाडून झाल्यावरच. ड्रिल चालू असताना एकही वस्तू आत नको.

दुसऱ्या हवेतून आलेली बांधलेली पेटी २४ तास न उघडता दालनात ठेवा. नंतर क्रम असा: मोठ्या आणि जड वस्तू, मग भिंतीवरच्या चौकटी, मग पेट्यांतल्या वस्तू, आणि कागद-कापड सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गाठोडं उघडायचं, ती वस्तू जागेवर बसल्यावरच दुसरं. वेष्टणावर वस्तूचा क्रमांक लिहून जपून ठेवा, परतीला तेच लागणार.

हातमोजे सगळीकडे चालत नाहीत. धातू आणि छायाचित्रांना नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे). काच आणि चिनीमातीला सुती मोजे घालू नका, निसटतात. कागदाला धुतलेले, कोरडे, उघडे हात बरे, कारण मोज्यात बोटांना कड कळत नाही आणि पान फाटतं.

आता मघाचीच हिशेबवही मांडू. ती स्वतःहून जेवढी उघडते तेवढीच उघडायची, सहसा १२० अंशांच्या आत. अभिलेखांच्या दर्जाच्या पुठ्ठ्याचा पाळणा त्याच कोनात करायचा. डावीकडे दहा पानं आणि उजवीकडे दोनशे असतील तर डावी बाजू त्या फरकाएवढी उंच करा, नाहीतर बांधणी मधोमध ताणली जाईल. पानं जागेवर राहावीत म्हणून एक सेंटीमीटर रुंदीची पारदर्शक पॉलिस्टर पट्टी पानांभोवती सैल फिरवून तिचीच टोकं मागे एकमेकांना चिकटवा. चिकटपट्टी कागदाला लागता कामा नये. पट्टीखालून कागद सहज सरकला पाहिजे.

छायाचित्रांना कागदी किंवा पॉलिस्टर कोपरे लावा, डिंक नाही. चौकटीत काच छायाचित्राला टेकू नये म्हणून मधे पुठ्ठ्याची खिडकी हवी. नाजूक कापड टांगू नका, २० ते ३० अंशांच्या उतारावर आधार देऊन पसरा. पोशाखासाठी पुतळा अंगापेक्षा लहान घ्या आणि पॉलिस्टर भरणाने हवा तेवढा भरा. मोठ्या पुतळ्यावर जुना सदरा चढवला की शिवण सुटतेच.

तपासा: पेटी बंद करण्याआधी आतला प्रत्येक कोपरा, चिठ्ठीचा क्रमांक आणि काचेवरचे आतल्या बाजूचे ठसे. बंद पेटीचं समोरून छायाचित्र काढा. पुढे रोज वस्तू मोजायला तेच वापरायचं.

## १०. उद्घाटन आणि चालू दिवस

फुलं आणि खाणं दालनाबाहेर. फुलांसोबत कीड येते, खाण्याच्या मागे उंदीर. समारंभाचे प्रखर दिवे आणि चित्रीकरणवाल्यांचे लॅम्पही बाहेरच.

रोज सकाळी पेटीच्या छायाचित्राशी वस्तू ताडून बघा. आठवड्यातून एकदा आर्द्रतेचे आकडे, चिकट सापळ्यांतले किडे (कोणते, किती, कुठल्या कोपऱ्यात), घसरलेल्या चिठ्ठ्या आणि पट्ट्यांचा ताण. पेटी उघडायची तर दोघांनी मिळून, वहीत वेळ लिहून.

काही पडलं, फुटलं तर आधी छायाचित्र, मग हात. सगळे तुकडे, भुकटीसकट, क्रमांक घातलेल्या पाकिटात. स्वतः चिकटवायचं नाही. मालकाला त्याच दिवशी कळवा. दुसऱ्याकडून कळलं तर राग वस्तूपेक्षा मोठा होतो.

## ११. उतरवणं

मांडणीला आठवडा दिला असेल तर उतरवायला तीन दिवस तरी द्या. दमलेली माणसं शेवटच्या संध्याकाळी सगळं एकदम खाली घेतात आणि अपघात तेव्हाच होतात.

क्रम उलटा: कागद-कापड आधी बाहेर, जड वस्तू शेवटी. वस्तूंआधी फलक आणि चिठ्ठ्या काढू नका, ओळख पटवायला त्या लागतात. प्रत्येक वस्तू त्याच तिरप्या उजेडात धरून तिसरा रकाना भरा, चौथा परत देताना, आणि नवा दोष दिसला तर मालकासमोर लिहा. त्याच वेष्टणात बांधा. पोच मिळेपर्यंत विमा चालू ठेवा आणि पोच मिळाल्यावरच तात्पुरता क्रमांक बंद करा. मालक येत नसेल तर करारातल्या पत्त्यावर लेखी कळवून तारीख मागा आणि वस्तू ‘उसनी, परतीच्या प्रतीक्षेत’ अशी नोंदवूनच कपाटात ठेवा.

संग्रहालयाच्या स्वतःच्या वस्तूंबाबत एक काम उरतं: किती दिवस, किती लक्सवर ती उजेडात होती हा आकडा तिच्या कायमच्या नोंदीत चढवणं. पुढच्या वर्षी कोणी तीच वही मागितली, तर तिचा प्रकाशाचा वाटा उरला आहे की नाही, हे तिथेच बघायला मिळेल.